आईच्या महालक्ष्म्या आणि समितीचा डबा

आमच्या गल्लीत लोकशाही आली तेव्हा तिच्याजवळ एक रजिस्टर होतं, एक रबरी शिक्का होता, आणि करण्यासारखं काम एकही नव्हतं. नगर निगमाचा कागद आला होता की प्रत्येक मोहल्ल्यानं आपली समिती करावी, तरुणांनी पुढे यावं आणि निदान एक महिला सदस्य असावी. जबलपुरात घमापूरकडची आमची गल्ली बावीस घरांची. चार मराठी, बाकी तिवारी, दुबे, पटेल, साहू. तरुण म्हणून मन्नू भैया तिवारी अध्यक्ष झाला, कारण तो तीन वर्षांपासून बी.कॉम.च्या दुसऱ्याच वर्षात होता, त्यामुळे त्याच्याकडे वेळ होता. महिला म्हणून मी सचिव झाले, कारण बाकीच्या बापांनी आपापल्या मुलींना लगेच ‘नाही’ म्हटलं आणि आमच्या बाबांना ‘नाही’ म्हणायला नेहमी एक दिवस उशीर व्हायचा. त्या एका दिवसात माझं नाव वर गेलं होतं. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. गृहविज्ञानाच्या जागा भरल्या होत्या म्हणून घेतलं होतं, पण हे मी कोणाला सांगत नसे. चार महिने वर्गात बसून माझी खात्री पटली होती की देशात जे काही बिघडलंय ते लोकांना नियम माहीत नाहीत म्हणून, आणि मला ते माहीत आहेत.

बाबा डिफेन्स फॅक्टरीत स्टोअरमध्ये होते. स्क्रू, नट, ग्रीसचे डबे यांची नोंद ठेवणारा हा माणूस जगात फक्त दोन गोष्टींना घाबरायचा, एक सर्व्हिस रूल आणि दुसरी आई. मी सचिव झाल्याचं कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “यात माझं नाव कुठं येऊन राहिलं का?”

“वडिलांचं नाव लिहावं लागतं, बाबा.”

“मग बारीक अक्षरात लिही.”

शिक्का गोल करावा की लांबट, यावर समितीच्या पहिल्या तीन बैठका झाल्या. लांबट ठरला. तो हातात आल्यावर मन्नू भैयानं पहिल्याच दिवशी रजिस्टरच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या मनगटावर आणि तिवारी काकूंच्या पापडाच्या डब्यावर उमटवून पाहिला. मग मात्र मी तो ताब्यात घेतला आणि माझ्या कंपास पेटीत ठेवला. आता माझा मुलगा त्याच्या वॉर्डाच्या मोबाइल ग्रुपवर रोज खड्ड्यांचे फोटो टाकतो आणि मला ऐकवतो की, आई, तुमच्या वेळेस लोक सिस्टिममध्ये उतरतच नव्हते. मी गप्प राहते. मी किती खोल उतरले होते हे त्याला अजून सांगितलेलं नाही. म्हणूनच लिहून ठेवते आहे.

अर्धा श्रावण सरला की आमच्या घराचा आवाज बदलायचा. एरवी सकाळी फॅक्टरीचा भोंगा, त्यामागे बाबांच्या सायकलचं स्टँड आपटणं, मग शेजारच्या दुबे चाचींचं नळाशी भांडण, असा क्रम असायचा. तेव्हापासून या सगळ्याच्या आधी आईची कढई बोलायला लागायची. महालक्ष्म्या आमच्याकडे अमरावतीच्या सासरघरून चालत आलेल्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवट्यांच्या, दोघींची नाकं सरळ आणि नजर तिखट. त्या अडीच दिवस यायच्या, पण घर त्यांच्यासाठी तीन आठवडे राबायचं. वर टांगायच्या फुलोऱ्यासाठी करंज्या, पापड्या, वेण्या तळल्या जायच्या आणि त्या तळणीच्या वासाखाली आम्हाला साधं वरण-भात खायला मिळायचं, कारण देवीच्या आधी हात लावायचा नाही. कमानिया गेटजवळ खरेदीला जाताना आई मला सोबत न्यायची, हिशेबाला नव्हे, पिशव्यांना. तिथं ती दुकानदाराशी तिच्या खास हिंदीत घासाघीस करायची. “भैया, ये पोत काहून इतनी महाग देके राहिले? पिछले साल तो तुम कमती में दिए थे ना!” वीस वर्षं जबलपुरात राहून तिची हिंदी इतकीच पुढे गेली होती, आणि वीस वर्षं दुकानदार तिला कमी किमतीत देत आले होते. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला सगळी गल्ली यायची. पुरणाची पोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्यांची एक भाजी. तिवारी काकू आंबिलीला ‘मराठी रबड़ी’ म्हणायच्या आणि तीन वाट्या प्यायच्या. आईचं माहेर दूर, सासर दूर. या परमुलखात तिला जो काही मान होता, तो वर्षातून या एका दिवशी बावीस घरांच्या पंगतीत दिसायचा.

त्या वर्षी श्रावण सरता सरता समितीला पहिलं काम मिळालं. गल्लीत कचरा कोपऱ्याकोपऱ्यावर पडायचा, म्हणून आम्ही निगमाच्या संभाग, म्हणजे विभाग, कार्यालयात अर्ज दिला की आम्हाला कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा मिळावा, चाकांचा, जो गाडी येऊन उचलून नेते. कार्यालय टाळाटाळ करेल, मग आपण आंदोलन करू, अशी माझी व्यवस्थित तयारी होती. पण त्यांनी सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी डबा आणून उभा केला. आमची सगळ्यांची पंचाईत झाली. डबा सगळ्यांनाच हवा होता, पण आपल्या दारासमोर कोणालाच नको होता. सोबत आलेले सफाई दरोगा, म्हणजे झाडूवाल्यांचे मुकादम, पान खाणारे, शांत गृहस्थ, म्हणाले, “गाड़ी पाँच ही जगह मुड़ सकती है। पाँच में से तय कर लो भैया, हमको चार गली और देखनी हैं।”

त्या पाच जागांत एक आमच्या फाटकासमोरची होती. मन्नू भैयानं माझ्या कानात सांगितलं की आपलं घर वगळून टाक, सचिवाला एवढी सवलत असते. मला इतका राग आला! मी सगळ्यांसमोर, जरा मोठ्यानंच, भाषण केलं. चिठ्ठ्या टाकू, पाचही घरांच्या टाकू, माझ्याही घराची टाकू, आणि जी निघेल तिला कोणी हरकत घ्यायची नाही. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. रजिस्टरमध्ये मी ठराव लिहिला, शिक्का मारला, चिठ्ठ्यांच्या घड्या केल्या आणि दरोगाजींनाच एक उचलायला सांगितलं. त्यांनी पान गालात सरकवलं, चिठ्ठी उघडली, आणि वाचून अत्यंत सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं.

डबा आमच्या फाटकासमोर उभा राहिला तेव्हा महालक्ष्म्या नऊ दिवसांवर होत्या. संध्याकाळपर्यंत त्यात साहूंच्या दुकानातला सडका बटाटा आला, दुसऱ्या दिवशी दोन गाई आल्या, तिसऱ्या दिवशी कुत्र्यांशी वाटणी करत डुकरांची एक जोडी आली. आईनं दुसऱ्याच दिवशी फाटकाबाहेर सडा घातला आणि सडा डब्याखाली वाहून गेला. तेव्हा ती आत आली, कढईखालचा गॅस बंद केला आणि बाबांना म्हणाली, “मोठ्या जाऊबाईले पत्र लिहा. महालक्ष्म्या नागपूरले नेऊन टाका म्हणा. माझ्याच्यानं नाही होत आता.”

बाबा म्हणाले, “अवं, असं कसं? बसवलेलं घर बदलत असते का?”

“दारात उकिरडा असते का मग? फाटकापासून पावलं काढायची असतात. कुठं काढू? डब्याच्या आतून काढू?”

“आई, चिठ्ठी निघाली,” मी म्हटलं. “मी सगळ्यांसमोर ठराव केला. आता मीच बदलला तर माझं कोण ऐकेल?”

आई माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाली, “तिले सांगा, तिचं आता तरी कोण ऐकून राहिलं?”

त्यानंतर ती माझ्याशी बाबांमार्फतच बोलू लागली. मी समोर बसलेली असताना “तिले विचारा, पोळी पाहिजे का” असं ती म्हणायची, आणि बाबा, फॅक्टरीत चिठ्ठीशिवाय एक नट न देणारा हा माणूस, “पोळी पाहिजे का?” असं विचारून माझं उत्तर जसंच्या तसं पोचवायचे. कढई मात्र थंडच होती. फुलोरा अर्धा तळून परातीत पडला होता. नागपूरचं पत्र बाबांनी लिहिलं, पण टाकलं नाही. आई रोज विचारायची, टाकलं का, आणि ते रोज सांगायचे, तिकीट आणायचं राहिलं.

सातव्या दिवशी माझा धीर सुटला. मला आता वाटतं, मी तेव्हा सरळ रडले असते तर सगळं स्वस्तात सुटलं असतं. पण मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. मी रजिस्टरमधला एक कोरा कागद काढला, माझ्या सुरेख हिंदीत लिहिलं की धार्मिक प्रयोजनास्तव तीन दिवसांकरता डबा अन्यत्र हलवण्याची अनुमती देण्यात येत आहे, खाली एक अशी सही केली जी कोणाचीच नव्हती, आणि समितीचा लांबट शिक्का मारला. अर्ज माझा, अनुमती माझी, शिक्काही माझाच. “आई, संभागातून मंजुरी आली,” असं म्हणून मी तो कागद तिच्यापुढे धरला. आईला हिंदी वाचायला कष्ट पडत, पण शिक्का तिला समजत होता. तिनं तो बोटानं चाचपला, मग पाच दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे पाहिलं. “वंदू,” ती म्हणाली, “शिकलीस ते कामी आलं हो.” आणि तिनं कढईखालचा गॅस पेटवला. त्या रात्री मला ताटात गुपचूप एक करंजी मिळाली, देवीच्या आधी. ती करंजी मी कशी खाल्ली ते मला आठवत नाही. खाल्ली हे नक्की.

आता डबा न्यायचा कुठं? दुबे चाची मझौलीला, दिराकडे बारशाला गेल्या होत्या, चार दिवस यायच्या नव्हत्या. चाचा घरी होते, पण दुबे चाचा घरात असले काय आणि नसले काय, सारखंच. आवाहनाच्या दिवशी दुपारी अडीच वाजता, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली पाहून, मन्नू भैया, त्याचे दोन मित्र आणि मी डबा ढकलायला लागलो. त्या चाकांना कोणी जन्मात तेल घातलं नसावं. असा किंचाळला तो डबा की बावीस घरांच्या खिडक्या उघडल्या. सगळ्यांनी पाहिलं. तिवारी काकूंनी पाहिलं, साहूंनी पाहिलं, पटेलांच्या आजोबांनी चष्मा लावून पाहिलं. कोणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आमच्याकडे पुरणपोळी होती.

दुबे चाचींच्या फाटकासमोर डबा उभा केला, तेव्हा मन्नू भैया घाम पुसत म्हणाला, “वंदू, चाची को पता चला तो?”

“कैसे चलेगा पता? तीन दिन में वापस।”

आईला जागा मोकळी दिसली. डबा कुठं गेला हे तिनं विचारलं नाही, मंजुरीच होती ना, आणि तिचा आनंद इतका वर गेला की तिनं त्या वर्षी पावलं फाटकापासून नव्हे, थेट रस्त्याच्या मधून काढायला सुरुवात केली, जिथं नऊ दिवस डबा उभा होता तिथून. लहान लहान रांगोळीची पावलं, पाच बोटं नीट. संध्याकाळी ज्येष्ठा आईच्या ताटात, कनिष्ठा माझ्या ताटात, दोघींवर शालूचा पदर, अशा आम्ही रस्त्यात उभ्या राहिलो. दरवर्षी घरातून प्रश्न विचारायचं काम दुबे चाची करायच्या, “महालच्छमी आईं, काहे के पाँव आईं?” आणि आई मराठीत उत्तर द्यायची, “सोन्याच्या पायानं आल्या!” यंदा चाची नव्हत्या म्हणून बाबांना आत उभं केलं होतं.

आम्ही पहिलं पाऊल टाकलं आणि मागं रिक्षा थांबली.

दुबे चाची उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भोपळा. “अरे, बारसा हो गया, हमने कहा महालच्छमी छोड़ के हम काए को बैठें मझौली में...” एवढं बोलून त्या स्वतःच्या फाटकाकडे वळल्या, आणि थांबल्या. “जे काए है? हमारे दुआरे पे जे किसने धरो?”

गल्ली पुन्हा खिडक्यांत आली. मन्नू भैया खाली बसून चपलेचा पट्टा नीट करू लागला. त्याच्या चपलेला पट्टा नव्हता. आई माझ्याकडे वळली, ताट तसंच धरून. “काहून गं? मंजुरीत त्यांच्या दारात लिहिलं होतं का?”

तिथं मला खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं माझ्या हातात कनिष्ठा नसती तर मी बोललेही असते. पण तिची ती तिखट नजर पदराखालून वर पाहत होती. मी म्हटलं, “चाची, मैंने रखवाया। आई, मंजुरी नव्हती. तो कागद मीच लिहिला.”

महालक्ष्म्या वाटेत थांबवत नाहीत, खाली ठेवत नाहीत, मागं नेत नाहीत. आई ताट धरून रस्त्यात उभी होती. मग ती मन्नू भैयाला म्हणाली, तिच्या त्या हिंदीत, “मन्नू, वो डबा वापस लाव। अब्बी लाव। दूसरे के दरवाजे घाण रखके आई हुई लक्ष्मी मेरेको नहीं होना।”

डबा किंचाळत परत आला. चार जणांनी ढकलला. तो त्याच्या जागी आणताना त्याची दोन चाकं रांगोळीवरून गेली आणि पहिली सहा पावलं पुसली गेली. मग आई डब्याला वळसा घालून, उरलेल्या पावलांवरून, सरळ मानेनं फाटकात शिरली आणि तिच्या मागं मी. आत बाबांना बाहेरचं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मोठ्या हौसेनं विचारलं, “महालक्ष्म्या आल्या, कशाच्या पायानं आल्या?”

“आल्या कशाच्याही,” आई म्हणाली, “तुम्ही बाजूले सरका.”

त्या रात्री आई माझ्याशी बोलली नाही, बाबांमार्फतही नाही. सकाळी सोळा भाज्या चिरताना मी तिच्या शेजारी बसले तेव्हा तिनं विळी उचलून दुसरीकडे नेली. नैवेद्य झाला, आरती झाली, गल्ली येऊन बसली, अंगणात, ओसरीवर, जिन्यावर. पण कनिष्ठेची सवाष्ण दरवर्षी दुबे चाची असायच्या आणि त्या आल्या नव्हत्या. आई पोळीचं फडकं हातात धरून गॅसपाशी बसून राहिली. “सवाष्ण आल्याशिवाय पान वाढणार नाही,” एवढंच म्हणाली. साडेबारा झाले. एक वाजला. पटेलांचे आजोबा मोठ्यानं पाणी पीत होते. पुरणाचा वास सगळ्या गल्लीत फिरत होता आणि सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. बाबा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “वंदू, सर्व्हिस रूल काहीही असो, पण तू जाऊन ये. भूक लागली.”

मी आत जाऊन रजिस्टर उघडलं आणि ठरावाच्या पुढच्या पानावर जे झालं ते लिहिलं. शिक्का मारला नाही. ते घेऊन चाचींकडे गेले. त्या खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या आणि आत मुद्दाम ऐकू येईल अशी खिचडीची शिटी होत होती.

“काए बिन्नू? अब का धरने आई हो?” गल्लीतल्या सगळ्या पोरींना चाची बिन्नूच म्हणायच्या.

“चाची, रजिस्टर में लिखा है। आपके दस्तखत चाहिए।”

“पढ़।”

मी वाचलं. “सचिव ने आवेदन दिए बिना स्वयं अनुमति लिखी, स्वयं ठप्पा लगाया, और दुबे जी की अनुपस्थिति में...”

“जोर से पढ़। साहू की बहू खिड़की में लटकी है, गिर जाएगी बिचारी।”

मी मोठ्यानं वाचलं. “दुबे जी की अनुपस्थिति में डिब्बा उनके द्वार पर रखवाया।”

“दुबे जी नहीं, दुबाइन लिख। दुबे जी तो सामने बैठे हों तो भी अनुपस्थित रहते हैं।” आतून चाचा काहीतरी म्हणाले; कोणी लक्ष दिलं नाही. मी खोडलं, नवीन लिहिलं. चाचींनी पेन घेतलं, ते दोनदा झटकलं, आणि पान भरून सही केली. मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. “तेरी अम्मा ने कुछ खाया?”

“नहीं। कल से।”

“तो पहले काए नहीं बोली, मूरख!” त्या उठल्या, आतल्या बाजूला ओरडल्या, “सुनो, खिचड़ी तुम खा लियो!” आणि पदर डोक्यावर घेऊन माझ्या पुढं चालू लागल्या.

आईनं त्यांना पाहिलं आणि पाट मांडला. दोघी जणी एकमेकींशी फक्त पुरणाविषयी बोलल्या. पंगत बसली, पोळीवर तूप पडलं, आणि दोन पोळ्या झाल्यावर चाची म्हणाल्या, “ओ सचिव जी, जब रजिस्टर खुल ही गया है तो लिख। हमारे सामने के खंभे में बत्ती नहीं है, सावन से नहीं है।” तिवारी काकूंनी आंबिलीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या की मग त्यांच्या नळाचंही लिही. मग साहूंच्या सुनेनं नालीचं सांगितलं, एरवी जिचा आवाज कोणी ऐकला नव्हता त्या पटेलांच्या काकींनी फुटक्या पायरीचं सांगितलं. समितीच्या चार महिन्यांच्या बैठकांत एक बाई आली नव्हती. आता त्या सगळ्या एकदम, तोंडात घास धरून सांगत होत्या, आणि मी दाराशी उकिडवी बसून लिहीत होते. मन्नू भैया अध्यक्ष असल्यानं त्याला कोणी विचारलं नाही. तो वडे वाढत होता.

आई कढीचं भांडं घेऊन पंगतीतून फिरत होती. माझ्यापाशी आली आणि थांबली. मी मान वर केली नाही.

“आधी जेवू द्या नं पोरीले,” ती पंगतीला म्हणाली. मग थोडं वाकून, खालच्या आवाजात, मला, “माझं लिहिलं का?”

“तुझं काय, आई?”

“डब्याले झाकण पाहिजे,” ती म्हणाली. “लिही.”